सर्व्हर डाऊन असतानाची पानं

आमच्या घरात कुणालाच लिहिता येत नव्हतं. कागद लागला की आधी लिहिणारा माणूस शोधावा लागायचा. बाप लातूरच्या आडत बाजारात हमाल होता. सकाळच्या टेम्पोनं जायचा, दिवस बुडाल्यावर यायचा. माय दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. औशापासून तासाभराच्या पायवाटेवर आमचं गाव, गावाच्या कडेला विहार आणि विहाराच्या मागं आमची पत्र्याची खोली. मी सातवीत असताना आडतीत पोत्यांची थप्पी कोसळली आणि बाप खाली सापडला. सकाळी चालत गेलेला माणूस दुपारी टेम्पोत आडवा घालून आणला.

पुढचे दिवस कसे गेले ते फार सांगत नाही. पावसाळ्यात खुरपणी असायची, हिवाळ्यात काढणी, उन्हाळ्यात काहीच नसायचं. उन्हाळा लागला की माय मला जळकोटला मामाकडं धाडायची. घरातलं खाणारं एक तोंड कमी. मामी वाईट नव्हती, पण भाकरी वाढताना माझ्याकडं बघायची नाही.

बाप गेल्यावर सहा महिन्यांनी माय मला घेऊन औशाच्या तहसीलला गेली. निराधाराची पगार, म्हणजे दरमहाची सरकारी मदत, सुरू व्हावी म्हणून अर्ज द्यायचा होता. आवारात लिंबाखाली एक अर्जनवीस बसायचा. लोकांचे अर्ज लिहून देणारा, तोच त्याचा धंदा. त्यानं विचारलं, "नवरा कशानं वारला, बाई?"

आणि माय सांगायला लागली. त्या दिवशी सकाळी बापाला ताप होता. तरी तो निघाला. भाकरीत मीठ कमी पडलं म्हणून मायवर ओरडला. वेशीपर्यंत गेला आणि पोतं ओढायचा लोखंडी आकडा घरी राहिला म्हणून परत आला. आकडा घेतला, दारात थांबला, म्हणाला, आज लवकर येतो. आपण त्याच्याकडं बघितलं सुद्धा नाही, चुलीत फुंकत बसलो, असं माय म्हणाली. सांगताना ती रडली नाही. एकेक गोष्ट लावून सांगत होती, जणू यातलं काही गळलं तर अर्ज नामंजूर होईल. अर्जनविसानं सगळं ऐकून घेतलं, मग वहीत बघून एक ओळ लिहिली आणि वाचून दाखवली. "अर्जदाराचे पती अपघाताने मयत झाले असून अर्जदारास उपजीविकेचे कोणतेही साधन नाही."

"एवढंच?" माय म्हणाली.

"एवढंच लागतंय, माय. जास्ती लिवलं की साहेब वाचत न्हाई."

मायनं अंगठा दिला. पगार दोन वर्षांनी सुरू झाली. ती ओळ मला तेव्हापासून पाठ आहे. मला तेव्हाच वाटलं होतं की एक दिवस मी ती सकाळ पुरी लिहीन, आकड्यासकट, मिठासकट. आयुष्यात मला लिहून काय मिळवायचं होतं असं कुणी विचारलं तर एवढंच. ती एक गोष्ट. मायनं ऐकावी आणि म्हणावं, हाव, असंच झालतं.

मी लातूरला बी.ए. केलं, मराठी विषय घेऊन. आमच्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली. हे मी छाती पुढं काढून सांगते, कुणाला खटकलं तर खटकू द्या. कॉलेजात मराठीचे सर होते. मी त्यांना म्हणाले, सर, मला एक गोष्ट लिहायची आहे. सर म्हणाले, "एक लिहायची असेल तर रोज लिहावं लागेल. रोज एक पान. चांगलं-वाईट बघायचं नाही. पाच-सात वर्षं." मला वाटलं, सर गंमत करताहेत. पाच-सात वर्षं कुणाला लागतात एका गोष्टीला? मला जास्तच लागली.

लग्न होऊन नांदेडला आले. नोकरीच्या जाहिरातींना अर्ज करून करून थकले आणि शेवटी कचेरीजवळच्या एका ऑनलाइन सेंटरवर कामाला लागले. लोकांचे फॉर्म भरायचे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रेशन कार्डात नाव घालणं, शिष्यवृत्ती, पीकविमा. म्हणजे लिंबाखालच्या माणसाचंच काम, फक्त पंख्याखाली.

पान लिहायला घरात जागा नव्हती. दोन खोल्यांत सासूबाई, आम्ही दोघं आणि नंतर मुलगी. पण सेंटरवर एक सोय होती, सरकारची. रोज साडेअकराच्या सुमाराला सर्व्हर डाऊन व्हायचा. स्क्रीनवर गोल फिरत राहायचं आणि बाकड्यावरची माणसं उसासे टाकून आपसात बोलायला लागायची. कधी वीस मिनिटं, कधी तासभर. तेवढ्यात मी पान लिहायचे. चुकीचे प्रिंट निघालेले कागद मालक टाकून देत. त्यांची पाठ कोरी असते. एका बाजूला कुणाच्या तरी बापाच्या नावातली चूक, दुसऱ्या बाजूला माझं पान.

मालकांच्या लक्षात आलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, काय लिवायलात एवढं?"

"गोष्ट."

"कशाची?"

"एका हमालाची."

"मग त्यात सर्व्हर डाऊन झाला असं बी टाका," मालक म्हणाले, "म्हणजे खरी वाटंल." बाकड्यावरचे लोक हसले. मीही हसले. वाईट माणूस नव्हता तो. कागद घेऊ द्यायचा.

नवरा गॅरेजवर मिस्त्री आहे. त्याला माझ्या पानांचा राग नव्हता, पण ती त्याला पटायची पण नाहीत. "लेखिकाबाई, चहा मिळेल का?" हे त्याचं रोजचं. एकदा तो मनापासून म्हणाला, "अगं, मी इंजिन उघडतो तर संध्याकाळी गाडी चालू होऊन जाते. तुझं काय चालू होतंय?" मी उठून चहा ठेवला. 

पहिल्या तीन वर्षांत माझ्या सात गोष्टी लिहून झाल्या. त्यातली एक बापाची. ती मी सगळ्यात जास्त मेहनतीनं लिहिली आणि लातूरच्या एका दिवाळी अंकाला पाठवायची ठरवली. आता मी काय केलं ते ऐका. लिफाफ्यात गोष्ट घातली. वर एक पत्र, "विषय : कथा प्रसिद्ध करणेबाबत". सोबत बी.ए.च्या गुणपत्रकाची झेरॉक्स, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला, प्रत्येकावर स्वतःची सही करून "सत्यप्रत". दोन पासपोर्ट फोटो, मागं नाव लिहून. खाली यादी केली, सोबत जोडलेली कागदपत्रे एक ते पाच. मला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही. आमच्यासारख्यांनी आजवर कागद जोडल्याशिवाय कुठं काही मिळवलंय? कागद कमी पडला म्हणून परत पाठवलेली माणसं मी रोज बघत होते. मला वाटलं, निदान या कारणानं तरी माझी गोष्ट परत येऊ नये.

पंधरा दिवसांनी संपादकांचा फोन आला. आवाज वयस्कर, जरा खेळकर. "ताई, तुमची कागदपत्रं अगदी पूर्ण आहेत. गोष्ट तेवढी जोडायची राहिली."

मी घाबरून म्हणाले, "नाही सर, जोडली आहे की. सात पानं आहेत. बघा, फोटोच्या खाली असेल."

ते हसणं आवरून म्हणाले, "ती सात पानं वाचली मी. तो अर्ज आहे, ताई. 'सदर इसम सकाळी कामावर रवाना झाला.' असं कोण बोलतं तुमच्या घरात?"

मी फोन ठेवला. समोर एक आजोबा बसले होते, त्यांचा हयातीचा दाखला भरायचा होता. मी भरला. बोटं आपोआप चालत होती. घरी जाऊन माझ्याकडं ठेवलेली झेरॉक्स काढून सातही पानं वाचली. "त्यास ज्वर असूनही." "पत्नीने त्याजकडे लक्ष दिले नाही." "आकडा विसरल्याचे निदर्शनास आल्यावरून." मला हे लिहिताना छान वाटलं होतं. मला वाटलं होतं, चांगलं मराठी म्हणजे हेच. शिकलेलं माणूस लिहितं ते असंच. आणि दिवसभर मी तेच तर टाइप करत होते.

तरी मनात एक आशा होती की संपादक शहरातले, त्यांना आमचं काय कळणार. दिवाळीला माय नांदेडला आली तेव्हा मी तिला गोष्ट वाचून दाखवली. ती तूर निवडत बसली होती. मी सगळी वाचली. तिनं खडा काढून बाजूला टाकला आणि विचारलं, "कुणाचं हाय गं हे?"

"तुझंच. बापाचं."

"आपलं?" ती माझ्याकडं बघत राहिली. "न्हाई माय. हे कुण्या मोठ्या घरचं वाटायलंय. तुझा बाप असं कुठं गेलता? तो तर मला शिवी देऊन गेलता."

"शिवी? मीठ कमी म्हणून ओरडला होता ना?"

"ओरडला म्हंजे काय नुसतं ओरडला? तहसीलात शिवी कशी सांगावं? तू बी बाजूला उभारलेली."

आणि तिनं ती शिवी सांगितली. त्या सकाळी मी पाण्याला गेले होते, म्हणून ती पहिल्यांदाच ऐकत होते. सांगताना तिला हसू आलं, तुरीत हात तसाच राहिला. नवरा आतून म्हणाला, "हे लिहा, लेखिकाबाई, हे लिहा."

मी लिहायला बसले आणि हात "सदर"वर गेला. खोटं वाटेल, पण खरंच. दुसऱ्या दिवशी सेंटरवर सर्व्हर डाऊन झाला, कागद पुढ्यात घेतला आणि मायचं वाक्य लिहिता लिहिता ते माझ्याच हातानं सरळ होत गेलं, इस्त्री केल्यासारखं. "न्हाई"चं "नाही" झालं, "गेलता"चं "गेला होता", आणि शिवीच्या जागी "अपशब्द". मी ते पान फाडलं. पुढचंही तसंच. मग फाडायचं सोडून दिलं, कारण सर म्हणाले होते, चांगलं-वाईट बघायचं नाही.

यापुढची सहा वर्षं सांगण्यासारखं काही नाही. रोज पान. सणावाराला पान, मुलीला गोवर आला तेव्हा पान. मधे सर्व्हर सुधारला, चार महिने बंदच पडेना, आणि माझी पानं बंद पडली. जनता खूश आणि मी एकटी खिन्न, असं हे उलटं. मग मी डबा खायच्या वेळेत लिहायला लागले. तेलाचे डाग पडलेली पानं त्या महिन्यांतली आहेत. एक पिशवी भरली, दुसरी भरली. उंदरांनी एक खाल्ली. कुणी वाचलं नाही, कुणी मागितलं नाही. नांदेडात एका संमेलनात नवोदितांना वाचायला बोलावलं, माझा नंबर जेवणाच्या सुट्टीत आला. मंडपात खुर्च्या उचलणारे दोघं होते. त्यातला एक म्हणाला, "मॅडम, तुमचं होऊ द्या निवांत, आमी मागच्या उचलताव."

मी वाचलं. सुरू केलेलं सोडायची सवय नाही मला.

मायचं गावाकडं एकटीनं राहणं कठीण झालं तेव्हा मी तिला नांदेडला आणलं. गॅस चालू ठेवायची, एकच गोष्ट चारदा विचारायची. डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाणार. मला भीती वाटली ती वेगळीच, आणि ती मी कुणाला सांगितली नाही. रोज सेंटरवर जाण्याआधी मी तिला चहा द्यायचे आणि म्हणायचे, माय, बापाची ती सकाळ सांग. सुरुवातीला ती सगळं सांगायची. ताप, मीठ, शिवी, आकडा, चूल. मी जमेल तसं उतरून घ्यायचे. मग तिच्या सांगण्यातून मीठ गेलं. एक दिवस आकडा गेला. मी आठवण करून दिली तर म्हणाली, "कसला आकडा?" शेवटी शेवटी ती म्हणायची, "सकाळी गेलता. दुपारी आनला," आणि चहाची बशी जमिनीवर ठेवून द्यायची.

मी तिच्यावर एकदा चिडले. खरं सांगायचं तर ओरडलेच. "आठव ना! तू चुलीत फुंकत होतीस, तो दारात थांबला होता." ती घाबरून सासूबाईंच्या मागं जाऊन बसली. सासूबाई मला म्हणाल्या, "काय गं, कागदापायी मायला रडवायलीस?" त्या दिवशी मी पान लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सतरा दिवस लिहिलं नाही. सोडून दिलं असंच मी धरून चालले होते, आणि सांगायला लाज वाटते, मला हलकं वाटत होतं.

अठराव्या दिवशी सर्व्हर डाऊन झाला. बाकड्यावर चाकूरकडची दोन माणसं आपसात सासऱ्याची नक्कल करत होती. मी कागद ओढला आणि लिहायला लागले, काही ठरवलं नव्हतं. "तुला किती डाव सांगितलं, मीठ बघून टाकत जा." एवढंच पहिलं वाक्य. पुढं शिवी, जशीच्या तशी. मी वर बघितलं, कुणी बघत तर नाही ना. कुणाला काय पडलीये. पान संपलं आणि हातानं एकही शब्द सरळ केला नव्हता. असं का झालं ते मला सांगता येणार नाही. इतक्या वर्षांनी हात थकला असेल अडवून अडवून. आनंद वगैरे झाला नाही. मला एवढंच दिसत होतं की हे आलं तेव्हा जिला विचारून खात्री करावी ती बाई आता काही सांगू शकत नाही. तिच्या चहाच्या वेळेची उतरून घेतलेली पानं पिशवीतून काढली, त्यातून बाकीचं घेतलं. पाच महिने लागले.

पुरी झाली त्या रविवारी मायला ऊन दाखवायला गच्चीवर नेलं होतं. मी शेजारी बसून सगळी वाचली. शिवीला ती हसली, तोंडाला पदर लावून, लहान मुलीसारखी. आकड्यासाठी तो परत येतो तिथं ती पुढं सरकून बसली. बाई चुलीत फुंकते, मागं वळत नाही, तिथं ती पुटपुटली, "बघ की गं बाई, बघ की." तो निघून जातो तिथं मी थांबले. दुपार मी लिहिलेलीच नाही.

मायनं माझा हात धरला. "मंग? आला का घरी तो?"

मी काय सांगायला पाहिजे होतं? मी म्हणाले, "अजून न्हाई आला, माय."

"येईल," ती म्हणाली. "लवकर येतो म्हन्लाय ना." आणि गच्चीच्या कठड्यावरून रस्त्याकडं बघत बसली. कोण तो, हे तिनं विचारलं नाही. चुलीत फुंकणारी ती बाई कोण, हेही नाही. मला जे ऐकायचं होतं ते ती म्हणाली नाही आणि आता म्हणणार नाही. पुढच्या थंडीत ती गेली.

त्या गोष्टीची स्वच्छ प्रत करून मी दोन दिवाळी अंकांना पाठवली. एकाकडून काही कळलं नाही. दुसरा अंकच त्या वर्षी निघाला नाही. यंदा पुन्हा पाठवीन, छापतील असं मला वाटत नाही. रोजचं पान अजून लिहिते आणि त्यातल्या बहुतेक पानांत काही नसतं.

पण ती एक गोष्ट लिहून झाली. नऊ पानांची आहे, आणि त्यात आता बदलण्यासारखं काही राहिलेलं नाही.